कोडच्या ५९० पट टेस्ट: एसक्यूलाइटचा चाचणीसंच कसा घडत गेला

तुमच्या फोनमध्ये एसक्यूलाइट आहेच. अँड्रॉइड असो की आयफोन, संपर्कांची यादी, मेसेज, ब्राउझरचा इतिहास, अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद हे सगळं याच छोट्याशा डेटाबेसच्या फाइलींमध्ये साठवलेलं असतं. एअरबसच्या ए-३५० विमानाच्या सॉफ्टवेअरमध्येही तो आहे. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहायला घेतला आणि सगळा कोड सार्वजनिक मालकीचा करून टाकला. कुणीही घ्यावा, कशातही वापरावा, परवानगी लागत नाही. तो सांभाळणारी माणसं मात्र आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

एवढी थोडी माणसं एवढं मोठं ओझं कसं पेलतात, याचं उत्तर त्यांच्या टेस्टमध्ये आहे. मे २०२३ मध्ये आलेल्या ३.४२.० या आवृत्तीत एसक्यूलाइटचा मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा होता. त्याची चाचणी घेणारा कोड आणि स्क्रिप्ट मिळून सुमारे ९ कोटी २० लाख ओळी. म्हणजे ५९० पट.

हा आकडा ऐकून लोक थक्क होतात आणि तिथेच थांबतात. मला त्या आकड्यापेक्षा तो कसा वाढत गेला हे जास्त मोलाचं वाटतं. कुणी एके दिवशी बसून नऊ कोटी ओळी लिहिल्या नाहीत. आधीच्या टेस्टना जे दिसत नव्हतं ते कळल्यावर त्यासाठी नवी पद्धत आली, मग तिलाही काय दिसत नाही ते कळलं आणि आणखी एक आली. कुठल्याही ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाच्या टेस्ट सुधारायच्या असतील, तर ही वाट पाहून ठेवण्यासारखी आहे.

आधी मुळात टेस्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. स्वयंचलित टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा छोटा प्रोग्राम. ‘टेबल तयार कर, त्यात तीन नोंदी घाल, मग नोंदी मोज, उत्तर ३ आलं पाहिजे.’ आलं तर पास, नाही तर फेल. अशा हजारो केस एकत्र केल्या की चाचणीसंच होतो. कोडमध्ये काहीही बदल केला की आख्खा संच चालवायचा. नवीन काम बरोबर झालं का, हे तर कळतंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काल नीट चालणारी एखादी गोष्ट आजच्या बदलानं मोडली का, ते लगेच कळतं. ओपन सोर्समध्ये याचं मोल दुप्पट असतं. माणसं येतात, दोन वर्षं काम करतात, नोकरी बदलते, निघून जातात. एखादी अट कोडमध्ये का घातली होती, हे सांगायला कुणी उरत नाही. ती अट काढल्यावर टेस्ट फेल झाली, तरच पुढच्या माणसाला कळतं की ती उगाच नव्हती.

एसक्यूलाइटच्या सुरुवातीच्या टेस्ट टीसीएल या स्क्रिप्टच्या भाषेत लिहिलेल्या आहेत. मुळात एसक्यूलाइटचा जन्मच टीसीएलची जोड म्हणून झाला, त्यामुळे ते स्वाभाविक होतं. जवळपास प्रत्येक चांगल्या प्रकल्पात असतात तशाच या टेस्ट होत्या: नवीन सुविधा आली की चार केस लिहायच्या, बग सापडला की आणखी एक. काही वर्षं हे पुरलं. मग अँड्रॉइड आलं. एसक्यूलाइट एकदम लाखो-कोटी हातांत गेला आणि आतापर्यंत कुणाला न दिसलेले बग वर येऊ लागले. एवढ्या लोकांनी वापरल्यावर ‘लाखात एकदा घडणारी’ चूक रोजची होते.

इथे हिप यांना विमानांच्या दुनियेतला एक मानदंड उपयोगी पडला. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी तेव्हा डीओ-१७८बी नावाची नियमावली होती. ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे विमान कोसळू शकतं, त्याची चाचणी किती खोल असावी हे ती सांगते. त्यासाठी ती ज्या कसोटीचा आग्रह धरते तिला एमसी/डीसी म्हणतात. नाव बोजड आहे, कल्पना तशी नाही.

कोडमध्ये अशी एक अट आहे समजा: ‘फाइल वाचता आली नाही किंवा मेमरी मिळाली नाही, तर काम थांबव.’ फाइल वाचता येत नाही अशी परिस्थिती तयार करणारी एक टेस्ट लिहिली. ती ओळ चालली. कव्हरेज मोजणारं साधन, म्हणजे टेस्टच्या वेळी कोडच्या कुठल्या ओळी चालल्या याची नोंद ठेवणारं साधन, ती ओळ हिरवी दाखवतं. पण मेमरीविषयीचा अर्धा भाग कुणी तपासलाच नाही. तो उलटा लिहिला गेला असता, तरी ही टेस्ट पासच झाली असती. मग आणखी कडक मोजमाप असं की अट खरी ठरते तेव्हा आणि खोटी ठरते तेव्हा, दोन्ही वाटांनी कोड चालवून पाहायचा. हे ब्रँच कव्हरेज. एमसी/डीसी त्याही पुढे जाते. अटीतला प्रत्येक तुकडा एकट्यानं निकाल बदलू शकतो, हे टेस्टनं दाखवलं पाहिजे. वरच्या अटीला म्हणून किमान तीन केस लागतात: दोन्ही ठीक, फक्त फाइल बिघडलेली, फक्त मेमरी कमी.

तीन केस म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण कोडमध्ये अशा हजारो अटी असतात आणि त्यांतल्या कित्येक अशा कोपऱ्यात, की तिथपर्यंत पोहोचायला नेमकं काय घडवून आणायचं हेच सुचत नाही. शेवटच्या थोड्या टक्क्यांनीच सगळ्यात जास्त घाम काढला. हिप यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार या कामात जवळपास वर्ष गेलं, तेही आठवड्याला साठ तास काम करून. त्यासाठी टीएच३ नावाचा वेगळा, सी भाषेतला चाचणीसंच लिहिला गेला आणि २००९ मध्ये एसक्यूलाइटचा गाभा १०० टक्के एमसी/डीसीपर्यंत पोहोचला. गाभा म्हणतो, कारण मजकूर-शोधासारख्या काही जोड-सुविधा त्या हिशेबात धरलेल्या नाहीत. टीसीएलच्या टेस्ट मूळ कोडसारख्याच सर्वांना खुल्या आहेत. टीएच३ मात्र मालकीचा आहे, तो परवाना घेणाऱ्यांनाच मिळतो. कोड सगळ्यांचा असताना त्याची सगळ्यात कडक परीक्षा बंद दाराआड असावी, याची मला मनापासून खंत वाटते. पण मोजक्या माणसांच्या त्या चमूला पोटापाण्यासाठी काहीतरी विकावं लागतं, हेही तितकंच खरं.

याच टप्प्यावर आलेली एक कल्पना मला फार आवडते. १०० टक्के कव्हरेज म्हणजे प्रत्येक वाट चालून झाली. पण चालून झाली म्हणजे तपासून झाली का? टेस्टनं एखादी ओळ चालवली आणि तिचं उत्तर पाहिलंच नाही, तर कव्हरेज तरीही वाढतं. पगारी नोकरीत अशा टेस्ट सर्रास लिहिल्या जातात, कारण वरून ‘८० टक्के हवेत’ असा निरोप आलेला असतो. एसक्यूलाइटनं यावर उलटी परीक्षा लावली. एक स्क्रिप्ट कोडला मशीनच्या भाषेत उतरवते आणि त्यातल्या फांद्या फुटणाऱ्या सूचना एकेक करून बिघडवते: एकदा ‘नेहमी उडी मार’, एकदा ‘कधीच उडी मारू नको’. दर वेळी टेस्ट चालवायच्या. एकही टेस्ट फेल झाली नाही, तर त्या जागेवर कुणाचं लक्ष नाही. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. इथे परीक्षा कोडची नसते, टेस्टची असते.

यातही एक गंमतीदार अडचण निघाली. काही अटी फक्त वेगासाठी असतात. ‘यादी आधीच क्रमानं असेल तर पुन्हा लावू नको’ अशी अट काढून टाकली, तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त उशिरा येतं. टेस्टला ते कळणार कसं? म्हणून एसक्यूलाइटच्या कोडमध्ये अशा अटींशेजारी ‘ही अट वेगासाठी आहे’ अशा अर्थाची ठरावीक टिपणी लिहिलेली असते आणि बिघडवणारी स्क्रिप्ट ती जागा सोडून पुढे जाते.

आता मगाचा प्रश्न. मेमरी मिळाली नाही, डिस्क भरली, लिहिता लिहिता वीज गेली, अशा प्रसंगांची टेस्ट लिहायची कशी? खऱ्या मशीनची वीज घालवून किती वेळा पाहणार? इथे एसक्यूलाइटनं जे केलं आहे ते कुठल्याही भाषेत, कुठल्याही प्रकल्पात उचलता येईल असं आहे. प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागतो, त्या जागी एक बनावट मेमरी देणारा बसवतात. त्याला सांगतात: पहिल्याच मागणीला ‘नाही’ म्हण. टेस्ट चालवतात, एसक्यूलाइट शहाण्यासारखा थांबला का ते पाहतात. मग दुसऱ्या मागणीला नकार. मग तिसऱ्या. असं करत करत, आख्खं काम एकाही नकाराशिवाय पार पडेपर्यंत. हा सगळा फेरा दोनदा होतो: एकदा फक्त एकच नकार देऊन, एकदा पहिल्या नकारानंतर सगळ्याच मागण्या नाकारून. म्हणजे एक साधी टेस्ट लिहिली की तिच्यातून शेकडो अपयशं आपोआप तपासली जातात. डिस्कवरच्या चुकांचंही असंच.

वीज जाण्याची टेस्ट आणखी बारकाईची आहे. डेटाबेसचं वचन असतं की व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर मुळीच झालेला नसेल. खात्यातून पैसे वजा झाले आणि समोरच्याला जमा झाले नाहीत, असं अधांतरी काही चालत नाही. हे तपासायला टीएच३ मेमरीतच एक खोटी डिस्क उभी करतो. व्यवहार चालू असताना मध्येच सगळं थांबवतो. जे अजून पक्कं लिहून झालेलं नाही, ते खऱ्या डिस्कवर वीज गेल्यावर होईल तसं मुद्दाम विस्कटतो: काही भाग लिहिलेला, काही राहिलेला, काहींत कचरा. मग डेटाबेस पुन्हा उघडून पाहतो. व्यवहार पूर्ण तरी दिसला पाहिजे किंवा अजिबात नाही. थांबण्याची जागा प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकवत हे चालूच राहतं.

एवढं केल्यावर बग उरायला नकोत. आणि हिप यांच्याच म्हणण्यानुसार पुढची काही वर्षं खरोखर फार शांततेत गेली.

मग फझिंग आलं. सुरक्षा-संशोधक मिखाल झालेव्हस्की यांनी ‘एएफएल’ नावाचं साधन लिहिलं. एरवी फझिंग म्हणजे प्रोग्रामपुढे अद्वातद्वा मजकूर टाकत राहायचं आणि तो कोसळतो का पाहायचं. एएफएल त्याहून हुशार होतं. मजकुरात केलेल्या एखाद्या बदलामुळे कोडमधली नवी वाट उघडली, तर तो मजकूर जपून ठेवायचा आणि पुढचे बदल त्याच्यावर करायचे. तासन्‌तास हेच केलं की यंत्र हळूहळू अशा कोपऱ्यांत पोहोचतं, जिथे माणसाचं डोकं पोहोचत नाही. २०१५ साली झालेव्हस्कींनी ते एसक्यूलाइटवर लावलं. स्वतःचे कष्ट सुमारे अर्ध्या तासाचे, आणि एसक्यूलाइट कोसळवणाऱ्या २२ चुका समोर आल्या. सुरुवातीचं बियाणं म्हणून वापरले होते एसक्यूलाइटच्याच टेस्टमधले एसक्यूएलचे, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेतले, तुकडे.

१०० टक्के कव्हरेज असताना हे कसं झालं? कारण कव्हरेज फक्त लिहिलेल्या वाटा मोजतं. ‘इथे एक अट हवी होती आणि ती कुणी लिहिलीच नाही’, हे त्याला दिसण्याचा संभवच नाही. त्यातून एक खोल पेचही उघडा पडला आणि एसक्यूलाइटच्या लेखकांनी तो स्वतःच्या कागदपत्रांत प्रामाणिकपणे मांडला आहे. एमसी/डीसीचा आग्रह धरला की सावधगिरीची अट लिहिणं महाग पडतं. ‘असं कधी होणार नाही, पण झालंच तर थांब’ अशी अट लिहिली, तर ती खरी ठरेल अशी टेस्ट लिहिताच येत नाही आणि १०० टक्क्यांना खड्डा पडतो. म्हणून अशा अटी गाळण्याकडे कल होतो. नेमक्या त्याच अटी खोडसाळपणे बनवलेल्या फाइलीपासून वाचवतात. एक कसोटी, एमसी/डीसी, रोजच्या वापरात भक्कम कोड देते, दुसरी, फझिंग, हल्ल्यापुढे टिकणारा. आणि दोघी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

त्यांनी काढलेला तोडगा नीट समजून घेण्यासारखा आहे. अशी अट ‘नेव्हर’ नावाच्या खुणेत गुंडाळून लिहायची. त्या खुणेचा अर्थ तीन ठिकाणी तीन वेगळा होतो. लोकांना दिल्या जाणाऱ्या प्रतीत ती साधी अट असते, सावधगिरीचं काम करते. विकासाच्या वेळी ती अट कधी खरी ठरली, तर प्रोग्राम जागच्या जागी आरडाओरडा करून थांबतो, म्हणजे आपला समज चुकीचा होता हे लगेच कळतं. आणि कव्हरेज मोजताना ती थेट ‘खोटं’ होऊन बसते, म्हणून फांदीच उरत नाही आणि हिशेब बिघडत नाही. तिच्या उलट अर्थाची ‘ऑलवेज’ ही खूणही आहे. विरोध मिटला नाही, पण दोन्ही कसोट्या एका कोडमध्ये नांदू लागल्या.

पुढे गूगलच्या ओएसएस-फझ सेवेत एसक्यूलाइटवर अखंड फझिंग सुरू झालं. मग एसक्यूएलचा मजकूर आणि डेटाबेसची फाइल दोन्ही एकाच वेळी बिघडवणारा स्वतःचा फझरही त्यांनी बनवला. या सगळ्यात सापडलेल्या खास केस फेकून दिल्या जात नाहीत. त्या साठवल्या जातात, तेही एसक्यूलाइटच्याच डेटाबेस फाइलींमध्ये, आणि नेहमीच्या टेस्टबरोबर पुन्हा चालवल्या जातात.

फझिंगला दिसतं ते कोसळणं. प्रोग्राम शांतपणे चुकीचं उत्तर देत असेल तर? बँकेच्या यादीतून एक नोंद गळली आणि बाकी सगळं सुरळीत, हे कोसळण्यापेक्षा वाईट. प्रश्न असा, की लाखो यादृच्छिक क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, बरोबर उत्तरं टेस्टमध्ये लिहिणार कोण? एसक्यूलाइटचा एक मार्ग सरळ होता. तीच क्वेरी पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसना विचारायची आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. अशा सुमारे ७२ लाख क्वेरी त्यांच्या संचात आहेत.

दुसरा मार्ग झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या मॅन्युएल रिगर आणि झेंडाँग सू यांनी शोधला, आणि तो इतका साधा आहे की कौतुक वाटतं. एसक्यूएलमध्ये कुठल्याही अटीचं उत्तर तीनपैकी एक असतं: खरं, खोटं, किंवा ‘माहीत नाही’. मग कुठलीही अट घ्या, ‘वय १८ पेक्षा जास्त’ समजा. ती खरी असलेल्या नोंदी काढा, खोटी असलेल्या काढा, आणि वय नोंदवलेलंच नाही अशा काढा. तिन्हींची बेरीज टेबलातल्या एकूण नोंदींइतकी भरलीच पाहिजे. बरोबर उत्तर माहीत नसतानाही चूक पकडता येते! अशाच विचारांवर उभ्या असलेल्या त्यांच्या ‘एसक्यूलान्सर’ या साधनानं अनेक मुरलेल्या डेटाबेसमध्ये चुका शोधल्या. त्यातल्या एका पद्धतीनंच एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल मिळून शंभराहून जास्त दोष कळवले गेले. आपल्या प्रकल्पात डेटाबेस नसेल, तरी असं नातं शोधता येतं. फाइल दाबून पुन्हा उलगडली तर मूळ मजकूर जसाच्या तसा आला पाहिजे. यादी दोनदा क्रमानं लावली तर दुसऱ्यांदा काही बदलता कामा नये.

वेगाबद्दल एवढंच सांगतो, की संच मोठा झाला म्हणजे दर वेळी सगळा चालवायचा असं नाही. एसक्यूलाइटमध्ये काही मिनिटांत संपणारा ‘व्हेरीक्विक’ संच आहे, त्यातही सुमारे तीन लाख केस आहेत. बदल जमा करण्याआधी तो चालतो. अब्जावधी तपासण्यांची प्रदीर्घ फेरी रिलीझच्या आधी. ज्या टेस्टना तास लागतो त्या लोक चालवायचंच सोडून देतात, म्हणून ही विभागणी लवकर करावी. आणि कधी पास, कधी फेल होणारी लहरी टेस्ट दिसली की तिचं कारण त्याच आठवड्यात शोधावं. घड्याळाची वेळ, नेटवर्क, किंवा आधीच्या टेस्टनं मागे सोडलेला डेटा, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी निघतं. ‘पुन्हा चालव, होईल पास’ अशी सवय लागली की खरी फेल झालेली टेस्टही कुणी गांभीर्यानं घेत नाही.

एसक्यूलाइटचा एक नियम कुठल्याही आकाराच्या प्रकल्पाला आजपासून लावता येतो. बग दाखवून देणारी टेस्ट संचात जोडली जात नाही, तोपर्यंत तो बग दुरुस्त झाला असं धरायचंच नाही. ती टेस्ट दुरुस्तीच्या आधी चालवून फेल होताना पाहायची, मग दुरुस्ती करायची.

महाविद्यालयातली मुलं मला विचारतात, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू? बहुतेकांचा पहिला प्रयत्न माहितीच्या पानावरचं स्पेलिंग दुरुस्त करण्याचा असतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतः वापरता असा एखादा प्रकल्प निवडा. त्याचा कोड उतरवून घ्या, टेस्ट चालवा, सगळ्या पास होतात याची खात्री करा. मग एक फाइल उघडा आणि तिच्यातली एखादी अट उलटी करा: ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘पेक्षा कमी’. टेस्ट पुन्हा चालवा. काही फेल झालं, तर बदल मागे घ्या आणि पुढची अट घ्या. काहीच फेल झालं नाही आणि ती अट निव्वळ वेगासाठी नसेल, तर तिथे एक टेस्ट हवी आहे. ती लिहून पाठवा.